फुकटचे खेळ, ग्राहकाची ओळख आणि सीमाभागातील पेढी

आपल्या संघाच्या स्मरणिकेत तुरीचे भाव, कराचे बदलते नियम, वखारींची व्यवस्था अशा विषयांवर अभ्यासपूर्ण लेख येत असतात, आणि ते येणे योग्यच आहे. यंदा ज्या विषयाकडे वाचकांचे लक्ष वेधण्याची अनुज्ञा आम्ही मागत आहोत, तो प्रथमदर्शनी पोरखेळाचा वाटेल. आणि एका अर्थी तो खेळाचाच आहे. मोबाइलवर जे खेळ फुकट खेळावयास मिळतात त्यांचा खर्च कोण सोसतो, तो खर्च भागविण्याच्या रीतीत गेल्या काही वर्षांत मोठी उलथापालथ का झाली, आणि तिचा भालकी, बसवकल्याण, आळंद किंवा कलबुर्गी येथील पेढीशी काय संबंध, असा हा प्रश्न आहे. संबंध आहे, व तो पुष्कळांना वाटतो त्याहून निकटचा आहे, असे आमचे मत झाल्यामुळेच हा लेखनप्रपंच.

दुपारी गिऱ्हाइकांची वर्दळ ओसरली, म्हणजे दुकानातील मुलगा गल्ल्याशेजारी बसून मोबाइलवर ल्युडोचा डाव मांडतो. डाव संपला की पडद्यावर एखाद्या साडीच्या दुकानाची, एखाद्या बियाण्याची, नाहीतर दुसऱ्याच कुठल्या खेळाची जाहिरात येते. ती काही क्षण पाहावी लागते, आणि मग पुढचा डाव. मुलाने एक पैसाही दिलेला नाही. तरी खेळ बनविणाऱ्याचे संगणक चालतात, नोकरांचे पगार होतात. हे पैसे जाहिरातदाराकडून आले, म्हणजे तुमच्या-आमच्यासारख्या दुकानदाराकडून आले.

हा खेळ बहुधा ‘ल्युडो किंग’ असतो. तो नव्या मुंबईतील गेमेशन टेक्नॉलॉजीज या कंपनीचा. विकाश जैसवाल यांनी तो २०१६ साली बाजारात आणला. २०२० च्या टाळेबंदीत घरोघर तो खेळला गेला आणि त्याच्या उतरवून घेतलेल्या प्रतींची संख्या ५० कोटींच्या पुढे गेली. त्याच खेळात सापशिडीही आहे. हा प्रकार आपल्या समाजास नवा नाही. गुजरात-राजस्थानकडील जुन्या जैन घरांतून चौऱ्याऐंशी घरांचे ‘ज्ञानबाजी’चे पट असत, महाराष्ट्रात मोक्षपट असत. त्या पटांवर सद्गुणांच्या शिड्या होत्या, दुर्गुणांचे साप होते. जाहिरातीला मात्र घर नव्हते. पट एकदा विकत घेतला किंवा रंगवून घेतला की व्यवहार संपे. आजच्या पटाचा व्यवहार प्रत्येक डावागणिक नव्याने होतो, आणि तो कसा होतो हे व्यापाऱ्याने समजून घेतले पाहिजे.

कलबुर्गीच्या बाजार समितीत तुरीचा सौदा ज्याने पाहिला आहे, त्याला हे यंत्र समजावयास फार वेळ लागू नये. खरीददार पोत्यातून मूठभर वानगी हातावर घेतो, दाणा पाहतो, ओल पाहतो, आणि मग भाव बोलतो. मोबाइलच्या पडद्यावर जाहिरातीपुरती जी जागा रिकामी होते, तिचाही असाच लिलाव होतो. फरक एवढाच की तो डोळ्याचे पाते लवते न लवते तोच संगणकांत उरकतो. आता येथे पोत्यात काय आहे? पोत्यात आहे तो पाहणारा मनुष्य. तो कोण, काय घेतो, त्याच्या घरी लग्न निघाले आहे की बोअर खणावयाची आहे, हे जितके अधिक कळेल तितका जाहिरातदार भाव चढवितो. या लिलावातील वानगी म्हणजे एक ओळखक्रमांक होता. ॲपल कंपनीने तो २०१२ साली आपल्या फोनांत घातला. गूगलने २०१३ साली अँड्रॉइड फोनांत तसाच क्रमांक आणला. त्यावर मनुष्याचे नाव नसे. परंतु एकच क्रमांक खेळाला, बातम्यांच्या ॲपला, खरेदीच्या ॲपला, सर्वांना दिसे. निरनिराळ्या ठिकाणच्या खुणा त्या एका दोऱ्यात ओवल्या, म्हणजे नाव नसलेल्या मनुष्याचे संपूर्ण चित्र उभे राही.

हा दोरा कोठवर गेला होता, याचे एक उदाहरण सांगावयाजोगे आहे. फोनचा दिवा पेटवून विजेरीसारखा वापरता यावा, एवढ्याचसाठी असलेले एक ॲप अमेरिकेत कोट्यवधी लोकांनी घेतले होते. ते ॲप वापरणाऱ्याचा ठावठिकाणा आणि फोनचा ओळखक्रमांक जाहिरातवाल्यांना पुरवीत असे. २०१३ च्या डिसेंबरात तेथील व्यापार आयोगाने त्यावर कारवाई केली. अंधारात पाऊल नीट पडावे म्हणून मनुष्याने विजेरी घ्यावी, आणि त्या विजेरीने त्याचेच पाऊल इतरांस दाखवावे, असा हा प्रकार. आपल्याकडे खासगीपणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला तो आधारच्या निमित्ताने. अर्जदार न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश होते. त्यांच्या अर्जावर २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमुखाने निर्णय दिला की, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे.

दोरा तुटण्यास प्रारंभ झाला तो मात्र न्यायालयाने नव्हे, तर खुद्द फोन बनविणाऱ्याने केला. २६ एप्रिल २०२१ रोजी ॲपलने आपल्या फोनांसाठी नवी आवृत्ती काढली. तेव्हापासून कोणत्याही ॲपला तो क्रमांक हवा असल्यास आधी मालकाला विचारावे लागते : इतर कंपन्यांच्या ॲपांतून व संकेतस्थळांवरून तुमचा माग काढू द्यावा काय? ‘काढू द्या’ किंवा ‘नको’, असे दोनच पर्याय. पुष्कळांनी ‘नको’ म्हटले, यात नवल नाही. गूगलने त्याच वर्षी निराळा मार्ग धरला : ज्याला क्रमांक नको असेल त्याने फोनच्या व्यवस्थेत शिरून तो स्वतः पुसावा, पुसला की त्या जागी नुसती शून्ये दिसतील. दाराशी येऊन विचारणे वेगळे, आणि माळ्यावरच्या पेटीत कुलूप ठेवून ‘हवे तर लावून घ्या’ म्हणणे वेगळे. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये गूगलने या क्रमांकाविना जाहिरात चालविण्याची एक मोठी योजना जाहीर केली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ती गुंडाळली.

आता या बदलाने पैशाचा हिशेब कसा फिरला, तो एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, एका खेळात जाहिरात १००० जणांना दाखवावयाची आहे. त्यांपैकी १०० जणांच्या घरी लग्न निघाले आहे. कलबुर्गीचा एखादा जवाहिऱ्या अशा प्रत्येकास जाहिरात दाखविण्याचा १ रुपया देण्यास तयार आहे. उरलेल्या ९०० जणांसाठी इतर दुकानदार प्रत्येकी १० पैसे देतात. वानगी दिसत असेल तर खेळवाल्यास १०० व ९० असे मिळून १९० रुपये मिळतील. आता पोत्यांची तोंडे शिवून टाका. कोणते १०० ते कळत नाही. दहांत एक असे आहे, एवढेच ठाऊक. मग जवाहिऱ्या प्रत्येक पाहणाऱ्यामागे १० पैशांहून अधिक का देईल? हजारांचे मिळून १०० रुपये झाले. जवाहिऱ्याचे फारसे बिघडले नाही. त्याने आधीही १०० रुपयेच दिले होते व त्याच १०० घरांपर्यंत तो पोहोचला. ९० रुपये गेले ते खेळवाल्याचे. आम्हांस हा हिशेब प्रथम कोणी सांगितला तेव्हा तो खरा वाटला नाही. कागदावर मांडून पाहिला तेव्हा पटला. मळखेड, म्हणजे राष्ट्रकूटांचे मान्यखेट, आपल्याच जिल्ह्यात आहे. अमोघवर्षाच्या काळात ‘गणितसारसंग्रह’ लिहिणाऱ्या महावीराचार्यांनी मिश्रणाच्या व्यवहाराची उदाहरणे पुष्कळ घातली आहेत. हेही त्याच जातीचे, चांगला व हलका माल एकत्र झाल्यावर काय भाव पडतो याचे उदाहरण आहे.

एवढ्यावरच नुकसान थांबत नाही. खेळवाला हा जागेचा विक्रेता आहे तसाच तो जाहिरातींचा खरीददारही आहे. नवे खेळाडू मिळविण्यासाठी तो इतर खेळांत जाहिरात देतो. या धंद्याचे सूत्र साधे होते : खेळाडू आणावयास ३ रुपये पडले आणि तो टिकेपर्यंत त्याच्याकडून जाहिरातींचे ४ रुपये आले, तर एक रुपया सुटला. यासाठी कोणत्या जाहिरातीने कोणता खेळाडू आला आणि तो किती दिवस टिकला, हे कळणे अवश्य होते. ॲपलने क्रमांकाच्या बदली जी सोय दिली, तीत प्रारंभी प्रत्येक खेळाडूमागे ६४ खुणांपैकी एकच खूण कळे, तीही दिवस-दोन दिवस उशिरा, आणि माणसाची ओळख वगळून. अडत्याने वर्षभराच्या पट्ट्या एकत्र बांधून, शेतकऱ्यांची नावे फाडून हाती द्याव्यात, तसा हा प्रकार. ज्यांचा धंदा त्या एका रुपयावर उभा होता, त्या अगदी साध्या, दोन मिनिटांच्या फुकट खेळांना याचा फटका सर्वांत मोठा बसला.

येथे सुज्ञ वाचक विचारील की, भारतात शंभरांतील सुमारे पंचाण्णव फोन अँड्रॉइडचे. ॲपलच्या प्रश्नाने आपणांस काय? शंका रास्त आहे. परंतु आपल्या देशातील खेळवाल्यांचे गिऱ्हाईक केवळ आपल्या देशात नाही. मुंबई, पुणे, बंगळूर येथे बनलेले खेळ अमेरिकेत व युरोपात खेळले जातात, आणि तेथील एका प्रेक्षकाला जाहिरातीचा जो भाव येतो तो आपल्याकडील प्रेक्षकाच्या कित्येक पट असतो. त्या श्रीमंत पेठांत ॲपलचे फोन पुष्कळ आहेत. परदेशच्या पेठेत तुरीचा भाव उतरला म्हणजे आपल्या यार्डातील बोली उतरते, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना अधिक सांगावयास नको. शिवाय आपल्याकडे दोरा तोडण्याचे काम निराळ्या हातांनी सुरू झाले आहे. ते हात कायद्याचे आहेत. त्याकडे आम्ही पुढे येऊ.

त्याआधी पेठेच्या मालकाविषयी बोलले पाहिजे, कारण आमच्या मते या सर्व प्रकरणाचे मर्म तेथे आहे. ॲपलने ‘माग काढणे’ याची जी व्याख्या केली, ती इतर कंपन्यांकडील माहिती जोडण्यापुरती आहे. एकाच छपराखाली जे घडते ते तीत येत नाही. याचा परिणाम असा की, ज्याचे छप्पर मोठे त्याला आपल्या घरातील माहिती वापरण्यास मोकळीक, आणि ज्याची एकच लहान खोली आहे त्याला शेजाऱ्याकडून वानगी मागण्याची बंदी. मोठमोठ्या कंपन्यांनासुद्धा हे जाचले. फेसबुकचा मालक असलेल्या मेटाने २ फेब्रुवारी २०२२ रोजी सांगितले की, त्या एका वर्षात या बदलामुळे सुमारे १,००० कोटी डॉलरचे उत्पन्न बुडेल, आणि दुसऱ्याच दिवशी तिच्या भागांची किंमत चतुर्थांशाहून अधिक कोसळली. पण मोठ्यांस दुसरे उपाय असतात. जाहिरातीचा बाजार चालविणाऱ्या कंपन्यांनी खेळ बनविणाऱ्या कंपन्या विकत घेतल्या, खेळवाल्यांनी जाहिरातवाले घेतले. सगळ्यांची धडपड एकच, की छप्पर एक व्हावे. लहानांस ते साधत नाही. फ्रान्सच्या स्पर्धा प्राधिकरणाने ३१ मार्च २०२५ रोजी ॲपलला १५ कोटी युरोंचा दंड केला. ग्राहकाच्या खासगीपणाच्या हेतूत त्यांनी गैर काही मानले नाही. दोष दिला तो तो हेतू अमलात आणण्याच्या रीतीस, आणि त्या रीतीने लहान प्रकाशकांची हानी अधिक झाली, असे स्पष्ट म्हटले.

पेठेचा मालक अडतही घेतो. ॲपमधील खरेदीवर ॲपल व गूगल यांची अडत शेकडा ३० होती. २०२१ पासून लहान विक्रेत्यांसाठी ती शेकडा १५ झाली. आपल्या यार्डात शेकडा १५ अडत मागणाऱ्याची काय गत होईल, याची कल्पना वाचकांनीच करावी! भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑक्टोबर २०२२ रोजी प्ले स्टोअरच्या पैसे घेण्याच्या सक्तीबद्दल गूगलला ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड केला. मार्च २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो २१६.६९ कोटींवर आणला. दरम्यान १ मार्च २०२४ रोजी अडतीच्या वादावरून गूगलने काही भारतीय कंपन्यांची ॲप पेठेतून काढून टाकली. सरकारने मध्ये पडल्यावर थोड्याच दिवसांत ती परत आली. पण दुकानाची फळी कोण केव्हा बंद करू शकतो, हे त्या निमित्ताने सर्वांस दिसले.

जाहिरातीचे उत्पन्न घटले म्हणजे खेळवाला ॲपमधील खरेदीकडे वळतो, आणि तेथे ही अडत त्याची वाट पाहत असते. अशा वेळी दुसरी पेठ असावी असे वाटणे साहजिक आहे. मुंबईच्या आयआयटीतून शिकलेल्या राकेश देशमुख व त्यांच्या सहकाऱ्यांनी देशी भाषांसाठी जे काम आरंभिले, त्यातून ‘इंडस’ ही ॲपची पेठ निघाली. पुढे ती फोनपेकडे गेली आणि २१ फेब्रुवारी २०२४ रोजी इंग्रजीसह बारा भारतीय भाषांत नव्याने उघडली. विक्रेत्याने पैसे घेण्याची स्वतःची व्यवस्था वापरली तर अडत नाही, असे तिचे धोरण जाहीर झाले. नवी पेठ वसविणे हे फळ्या ठोकण्याएवढे सोपे नाही, हे आपण आपल्या गावोगावच्या उपबाजारांवरून जाणतो. तरी उद्योग स्तुत्य आहे.

आता आपल्या भागाकडे वळू. मनुष्याची वानगी मिळेनाशी झाली, म्हणजे जाहिरातीचे यंत्र ढोबळ खुणांवर भागविते : फोनची भाषा कोणती, राज्य कोणते, खेळ कोणता, वेळ कोणती. पुण्यात किंवा म्हैसूरला या खुणा बऱ्यापैकी चालतात. आमच्याकडे चालत नाहीत. कमलनगर, औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतील कित्येक घरांत बोलणे मराठीत, कचेरीचा अर्ज कन्नडात, बाजारातील सौदा दखनीत, आणि फोनची भाषा मात्र इंग्रजी, असा नित्याचा प्रकार आहे. यंत्राला यांपैकी कोणती भाषा दिसेल? उदगीरचा कापड-दुकानदार जाहिरात देताना ‘महाराष्ट्र’ निवडतो. त्याची कमलनगर-भालकीकडील निम्मी गिऱ्हाइके तेथेच वगळली जातात. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी उदगीर, निलंगा व अहमदपूर हे बिदर जिल्ह्याचेच तालुके होते, आणि बाजाराला येणारी माणसे ती सीमारेषा अजूनही मनावर घेत नाहीत. यंत्र मात्र तीच रेषा धरून बसते. माणसाचा माग जोवर लागत होता तोवर यंत्राला कळे की, भालकीचा हा मनुष्य दर महिन्याला उदगीरला जातो. ती ओळख वाईट मार्गाने मिळालेली होती हे खरे. पण ती गेल्यावर सीमाभागातील दुकानदार आणि ग्राहक दोघेही एकमेकांस दिसेनासे होतात, हेही खरे. यावर तूर्त एक साधा उपाय आहे. जाहिरात देताना राज्य निवडू नये. आपले गाव मध्यबिंदू धरून किती मैलांचा घेर हवा तो निवडावा. गूगल व फेसबुक दोहोंकडे ही सोय आहे. तसेच एकाच जाहिरातीच्या मराठी व कन्नड अशा दोन प्रती कराव्यात, आणि दोन्ही त्या घेरात सोडाव्यात. थोडा खर्च वाढतो, पण चुकीच्या गावी जाहिरात जाण्याहून तो कमी असतो.

खेळांच्या जाहिरातींविषयी आणखी एक गोष्ट ओघात सांगतो. पैसे लावून खेळावयाचे खेळ बंद करणारा केंद्राचा कायदा २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींच्या मान्यतेने झाला. त्यात अशा खेळांच्या जाहिरातींनाही बंदी आहे. या कंपन्या जाहिरातींवर सढळ हाताने खर्च करीत, आणि त्यातील काही भाग फुकट खेळांच्या पदरी पडे. तो आटला. सप्तव्यसनांत द्यूत पहिले गणणाऱ्या आपल्या समाजाने त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही; मात्र फुकट खेळवाल्याच्या हिशेबात तीही एक वजाबाकी आहे.

कायद्याच्या हातांविषयी वर जे म्हटले, ते आता सांगतो. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा अधिनियम ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि प्रमुख बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हावयाची आहेत. अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढणे व त्यांच्यावर नेम धरून जाहिराती दाखविणे या अधिनियमाने निषिद्ध केले आहे. त्यांची माहिती घ्यावयाची तर पालकांची पडताळून घेतलेली संमती हवी. ल्युडो खेळणारांत मुले किती, हे सांगावयास नको. यात एक पेच आहे. समोरचा मूल आहे की प्रौढ, हे ठरविण्यासाठीच खेळवाल्यास आधीपेक्षा अधिक माहिती विचारावी लागेल. आणि पालकांची ओळख पटविण्याची यंत्रणा उभारण्याचा खर्च मोठ्यांस झेपेल, दोन-चार जणांच्या लहान कंपनीस जड जाईल.

हे सर्व खेळवाल्यांचे झाले, आपले काय, असे ज्यांस वाटत असेल त्यांच्यासाठी आम्ही आमचीच एक चूक येथे लिहितो. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातील जाहिरात-दलाल आमच्या कापडाच्या पेढीवर आला. गिऱ्हाइकांचे मोबाइल क्रमांक द्या, ते आम्ही यंत्रात घालू, म्हणजे यंत्र त्यांच्यासारखीच दुसरी माणसे शोधून तुमची जाहिरात त्यांना खेळांतून, बातम्यांतून दाखवील, असे त्याचे म्हणणे. आम्ही यादी दिली; एवढेच नव्हे, तर कोणी लग्नाचा बस्ता बांधला, कोणी नुसते किरकोळ घेतले, अशा खुणाही करून दिल्या. जाहिरातीचा थोडाफार उपयोग झालाही असेल. पण पुढच्या हंगामात आळंदकडील एक जुने गिऱ्हाईक गादीवर बसून म्हणाले, “शेठजी, पोरीच्या बस्त्याचं बोलणं आपलं दोघांचं झालं होतं. मग मंगल कार्यालयवाल्यांना, बँडवाल्यांना कसं कळलं? माझा मोबाइल त्यांच्याच जाहिरातींनी भरलाय.” आमच्या यादीचा आणि त्या जाहिरातींचा संबंध आम्ही सिद्ध करू शकत नाही, नाही असेही छातीठोकपणे सांगू शकलो नाही. दलालाला विचारले, तर यादी पुढे कोठे गेली याचा धड जबाब मिळाला नाही. वडिलांच्या वेळी हीच नावे लाल कापडात बांधलेल्या वहीत होती, आणि ती वही गादीवरून कधी खाली उतरली नव्हती.

नव्या अधिनियमात ती वही आणि ही यादी यांत भेद केलेला आहे. कागदावरची खातेवही कागदावर असेपर्यंत त्याच्या कक्षेबाहेर आहे; तिची पाने छायाचित्र काढून संगणकात घातली की ती आत आली. एखाद्याने आपला क्रमांक पावती पाठविण्यासाठी दिला, तर पावती पाठविण्यास निराळी संमती लागत नाही. अधिनियमात औषधाच्या दुकानाचे असेच उदाहरण दिले आहे. पण त्याच क्रमांकावर दिवाळीच्या सवलतीची जाहिरात धाडणे, किंवा तो क्रमांक दलालाच्या यंत्रात घालणे, हे पावतीचे काम नव्हे. त्याला स्पष्ट व स्वतंत्र संमती लागते, आणि ती जितक्या सहज दिली तितक्याच सहज परत घेता आली पाहिजे. माहिती सांभाळण्यात हयगय होऊन ती फुटली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. एवढा दंड लहान पेढीवर बसेल असे आम्हांस वाटत नाही. तथापि लहान पेढी कायद्याबाहेर आहे, असेही कोणी समजू नये. आपल्या सीमाभागास उपकारक असे एक कलम त्यात आहे. संमती मागताना जी सूचना द्यावयाची, ती इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत वाचावयास मिळण्याचा पर्याय ग्राहकास असला पाहिजे. मराठी व कन्नड दोन्ही त्या परिशिष्टात आहेत, उर्दूही आहे. म्हणजे भालकीच्या मनुष्याने कर्नाटकात राहून मराठीत सूचना मागितली, तर ती त्यास मिळाली पाहिजे, मग मागणारी कंपनी नव्या मुंबईची असो की अमेरिकेची.

आमच्या पेढीवर आता बिलाच्या पावतीबरोबर एक लहान चिठ्ठी ठेविली आहे, एका बाजूस मराठी, दुसऱ्या बाजूस कन्नड. तीत तीनच वाक्ये आहेत : क्रमांक पावतीसाठी घेतला आहे, नव्या मालाची वर्दी हवी असल्यास येथे खूण करा, नको झाल्यास याच क्रमांकावर कळवा, नाव काढून टाकू. नेम धरून जाहिरात देण्यासाठी यादी कोणाकडेही देणे आम्ही बंद केले. जाहिरात द्यावयाची ती वर सांगितल्याप्रमाणे घेर निवडून देतो. जुन्या यादीचे काय, हा प्रश्न राहतोच. ज्यांनी पूर्वी संमती दिली होती त्यांनासुद्धा अधिनियम लागू झाल्यावर शक्य तितक्या लवकर अशी सूचना देणे भाग आहे. आणि ज्यांना आम्ही कधी विचारलेच नव्हते, त्यांना आता विचारावे लागेल. हे काम आम्ही आळंदच्या गिऱ्हाइकांपासून सुरू केले आहे. काहींनी खूण केली, काहींनी ‘नको’ म्हटले. ज्यांनी ‘नको’ म्हटले त्यांत बस्त्याचा प्रश्न विचारणारे ते गृहस्थही आहेत, आणि त्यांचे नाव यादीतून काढले आहे.